दुखत नसताना आईची स्तनाची तपासणी करायची का?

तुमची आई ४७ वर्षांची, मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करावी का आणि सरकारचा नियम काय, असं तुम्ही विचारलंय. पण बाबांचं ‘दुखत नाही तर कशाला तपासायचं’ हे वाचून राहवलं नाही. आमच्या दाजींचे अगदी हेच शब्द होते.

अक्का विड्या वळते. तेव्हा ५१ वर्षांची होती. आशाताई फॉर्म घेऊन आल्या: छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का. अक्का मांडीवरचं सूप न हलवता, पान कापत ‘नाही, नाही’ म्हणत गेली. मीच तिला ओढत आरोग्य केंद्रात नेलं. सिस्टरनी आडवं निजवलं, हात डोक्याखाली घ्यायला लावला आणि तीन बोटांच्या पेरांनी गोल गोल दाबत काखेकडे सरकल्या. एका जागी थांबल्या. पुढे जाऊन परत तिथंच आल्या. हरभऱ्याएवढी गाठ, जराही न दुखणारी.

पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली, तर दाजी म्हणाले, ‘गड्ड्याची जत्रा होऊ दे, मग बघू.’ गड्डा झाला, मग पुतणीचं लग्न निघालं. चार महिने असेच गेले. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात पोचलो तोवर काखेतही गाठ आली होती. ऑपरेशन, केमो, सगळं झालं. खर्च राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतून निघाला. अक्का आज ठीक आहे, पण ते चार महिने मी दाजींना माफ केलेले नाहीत. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, हे त्यांना अजून पटत नाही.

आता नियम. २०१६ च्या केंद्राच्या सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर ५ वर्षांनी हाताने तपासणी, तीही फुकट. सरसकट मॅमोग्राफी त्यात नाही. ४० ते ७४ वयात दर २ वर्षांनी मॅमोग्राफी, ही २०२४ ची शिफारस अमेरिकेतली. ‘हाताने काय कळतंय?’ असंही दाजी म्हणाले होते. मुंबईत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या, पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगते. आणि बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. आजीला किंवा मावशीला हा आजार झाला असेल तर मॅमोग्राफीचं डॉक्टरांना आधीच विचारा. नसेल, तर आईला याच आठवड्यात जवळच्या केंद्रात न्या, बाबांना नंतर सांगितलं तरी चालेल.