वाचकांचे प्रश्न : वारा कुठून सुटतो, कुठे अडतो

वाऱ्यांविषयी आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : जमीन तापते, हवा वर जाते, पोकळी होते आणि ती भरायला समुद्रावरची हवा येते, असं शाळेत शिकलो. मग रत्नागिरीला ऊन सातला पडत असताना खारा वारा सुटायला अकरा-बारा का वाजतात? आणि मार्चमध्ये काही दिवस तो दुपार टळली तरी का येत नाही?

उत्तर : ‘पोकळी’ हा शब्द आधी डोक्यातून काढून टाका. पोकळी कुठेच होत नाही. फरक पडतो तो दाबात, आणि तोही किरकोळ. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल असतो. खारा वारा सुटायला त्यात एक-दोन हेक्टोपास्कलची तफावत पुरते.

क्रम असा. जमीन तापली की तिच्यावरची हवा प्रसरण पावते आणि वरच्या अंगाला फुगते. त्यामुळे काहीशे मीटर उंचीवर, जमिनीच्या वरचा दाब त्याच उंचीवरच्या समुद्राकडच्या दाबापेक्षा थोडा वाढतो. म्हणजे पहिली हालचाल वर होते : तिथली हवा समुद्राकडे सरकते. जमिनीवरच्या हवेचा भार तेवढा हलका झाला की खालचा दाब उतरतो, आणि मग किनाऱ्यावर समुद्राकडून वारा येतो. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत वरचा बाण शेवटी काढतात, म्हणून तो परतीचा प्रवास वाटतो. खरी सुरुवात तिथूनच होते.

आता उशिराचं कारण. रात्री जमीन समुद्रापेक्षा गार होते, म्हणून पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. सकाळचं ऊन आधी ही रात्रीची तूट भरून काढण्यात खर्च होतं. शिवाय पहाटे जमिनीलगत गार हवेचा पातळ थर बसलेला असतो आणि त्यावर उबदार हवा असते. हा थर मोडेपर्यंत जमिनीची ऊब वर पोचत नाही. त्यात नऊ-दहा वाजतात. मध्ये तासभर वारा साफ पडतो. मतलई थांबलेला आणि खारा अजून सुटायचा. समुद्र मात्र दिवसभरात जेमतेम एखाद्या अंशाने हलतो, कारण तेवढ्याच वजनाच्या कोरड्या वाळूच्या सुमारे पाचपट उष्णता पाण्याला लागते, ऊन पाण्यात खोलवर शिरतं आणि लाटा ती उष्णता ढवळून खाली नेतात.

खारा वारा ताशी १५ ते २५ किमी, मतलई त्याच्या निम्माही नसतो. रात्री तापमानातला फरक कमी असतो आणि वारा जमिनीला चिकटून वाहतो, त्यामुळे झाडं-घरं त्याला सहज अडवतात. पहाटे मतलईवर शिडं लावून बाहेर पडायचं आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हे किनाऱ्यावरचं जुनं वेळापत्रक यावरच बसवलेलं होतं.

मार्चमध्ये काही दिवस देशावरून पूर्वेचा कोरडा वारा जोरात येतो. तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्याबाहेरच थोपवून धरतो. खारा वारा अकराऐवजी दोन-तीनला आत शिरला, तर तोवर पारा ३८-४० अंशांवर गेलेला असतो. मुंबई-रत्नागिरीच्या मार्चमधल्या उकाड्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच असतं. जून ते सप्टेंबर मात्र हा सगळा खेळ बंद असतो, कारण मोसमी वारा त्याहून कितीतरी मोठा.

प्रश्न : आठवीच्या प्रकल्पासाठी मुलीने वातकुक्कुट केला. तो गच्चीवर अडकतो, आणि बाण नेमका काय दाखवतो यावर घरात वाद आहे.

उत्तर : वाद लवकर मिटेल. बाणाचं टोक वारा जिकडून येतो ती दिशा दाखवतं, आणि वाऱ्याचं नावही त्यावरूनच पडतं. नैऋत्य वारा म्हणजे नैऋत्येकडून ईशान्येकडे जाणारा.

अडकण्याची कारणं सहसा दोन. दांडी बरोबर मध्यावर टेकवलेली असते. शेपटीकडे वजन जास्त म्हणून ती कलते आणि खिळ्याला घासते. ६० सेंमीची हलकी ॲल्युमिनियमची पट्टी घ्या. मागे १५ × २० सेंमी पत्रा लावा, पुढचं टोक लहानच ठेवा. टोकाकडे नट किंवा वायसर वाढवत जा, जोवर पट्टी टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बोटावर आडवी राहत नाही. भोक तिथेच पाडा. वजन दोन्हीकडे समतोल, पण पत्रा मागे जास्त, हीच त्यातली मेख. खिळ्याऐवजी ६०८ क्रमांकाचं बेअरिंग वापरा. फिजेट स्पिनरच्या मधोमध बहुधा तेच असतं.

दुसरं कारण जागा. कठड्याच्या आडोशाला वारा भोवऱ्यात सापडतो आणि बाण गरगरत राहतो. वेधशाळेचा नियम मोकळ्या जागी १० मीटर उंचीचा, आणि कुठल्याही अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या दहापट अंतराचा. गच्चीवर ते जमणार नाही. निदान कठड्याच्या वर दोन-तीन मीटर काठी न्या. मोबाईलच्या होकायंत्राने दिशा लावत असाल तर लोखंडी टाकी आणि सळ्यांपासून लांब उभे राहा.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. ग्रहीय, हंगामी आणि स्थानिक वारे वेगवेगळे पाठ केले, पण एकमेकांशी जोडता येत नाहीत.

उत्तर : वेगळे पाठ केल्यानेच जोडता येत नाहीत. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, साधारण ३० अंशांजवळ खाली उतरते आणि तिथे जास्त दाबाचे पट्टे तयार होतात. तिथून विषुववृत्ताकडे परतणारी हवा म्हणजे व्यापारी वारे : उत्तरेत ईशान्येकडून, दक्षिणेत आग्नेयेकडून. हे चक्र जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये मांडलं. त्याच पट्ट्यांतून ध्रुवांकडे निघालेले ते पश्चिमी वारे. दक्षिण गोलार्धात त्यांना अडवायला जमीन जवळपास नाही, म्हणून तिथल्या चाळीस आणि पन्नास अक्षांशांतले वारे, म्हणजे ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’, एवढे दांडगे.

आता दुवा पाहा. उन्हाळ्यात भारतीय उपखंड तापतो आणि कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून गंगेच्या मैदानावर येतो. दक्षिण हिंदी महासागरातले आग्नेय व्यापारी वारे त्यामुळे विषुववृत्त ओलांडतात, ओलांडताच उजवीकडे वळतात आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी वारे म्हणून पोचतात. म्हणजे आपला मोसमी वारा हा दक्षिणेकडचा व्यापारी वाराच, फक्त दिशा बदललेला. वाटेत सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, सुमारे दीड किमी उंचीवर, तो अरुंद पट्ट्यात सर्वांत वेगाने धावतो. हा प्रवाह मंदावला तर कोकणातला पाऊसही सहसा ओसरतो.

खारे-मतलई, दरीय-पर्वतीय, उत्तर भारतातली उन्हाळी लू, आल्प्समधला फॉन हे सगळे स्थानिक. कारण तेच, आवाका लहान.

प्रश्न : वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, तर चक्रीवादळात तो सरळ केंद्राकडे का घुसत नाही? आणि ‘निसर्ग’च्या वेळी श्रीवर्धनची वाताहत झाली, मुंबई कशी वाचली?

उत्तर : पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे ढळते. केंद्राकडे ओढ आणि उजवीकडे ढळणं, यांच्या रस्सीखेचीत वारा केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागतो. जमिनीशी घर्षण असल्यामुळे तो थोडा आतही झुकतो. डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांचा १८५७ चा नियम आजही उपयोगी आहे : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब डाव्या हाताला. (बेसिनमधलं पाणी गोल फिरत खाली जातं, तेही यामुळेच असं काही जण म्हणतात. ते यात आणू नका, तिथे पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा भांड्याचा आकार आणि नळाची धार भारी पडते.)

‘निसर्ग’ ३ जून २०२० ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वेग ताशी १०० ते ११० किमी, झोत १२० पर्यंत. ते ईशान्येकडे सरकत होतं. वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या अंगाला वजाबाकी. फिरणं ९० आणि सरकणं २० धरलं, तर एका बाजूला ११०, दुसऱ्या बाजूला ७०. श्रीवर्धन उजवीकडे पडलं, मुंबई डावीकडे.

घराच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की वादळाचा डोळा वरून गेला तर मध्येच वारा थांबतो आणि मग उलट दिशेने येतो. अशा ईशान्येकडे जाणाऱ्या वादळात आधी साधारण आग्नेयेकडून, नंतर वायव्येकडून. पहिल्या माऱ्यात ढिली झालेली कौलं आणि पत्रे दुसऱ्यात उडतात. थांबलं म्हणून छपरावर चढू नये.

प्रश्न : निफाड भागात द्राक्षबाग आहे. फवारणी वारा अजिबात नसताना पहाटे करावी असं सांगतात. तरी शेजारच्या बागेत औषध गेल्याची तक्रार येते.

उत्तर : तक्रार खरी असू शकते. पहाटेचा निवांतपणा फसवा. वर सांगितलेला गार हवेचा थर तेव्हा जमिनीवर बसलेला असतो. त्यात १०० मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून, बारीक थेंब खाली बसत नाहीत, वर विरत नाहीत, धुक्यासारखे तरंगत उताराकडे सरकतात. शेजारची बाग खालच्या अंगाला असेल तर औषध तिकडेच जाणार. परीक्षा सोपी आहे : थोडा धूर करा. तो जरा वर जाऊन आडवा पसरला, तर थांबा. वर चढत विरला, तर सुरू करा. उन्हं आल्यावर तास-दीड तासाने सहसा ही वेळ येते.

ताशी ३ ते १० किमीचा, एकाच दिशेने वाहणारा वारा उत्तम : चेहऱ्याला जाणवतो, पानं सळसळतात. बारीक फांद्या सतत हलू लागल्या की वेग १२ च्या पुढे, आता आवरतं घ्या. धूळ आणि कागद उडू लागले की २० च्या पुढे, पंप बंदच. वारा जिकडे जातो त्या कडेपासून सुरुवात करून वारा जिकडून येतो तिकडे तोंड करत पुढे सरका, म्हणजे फवारलेल्या तुषारांतून चालावं लागत नाही. फवारणीच्या ब्लोअरचा दाब गरजेपेक्षा वाढवला की थेंब बारीक होतात आणि बरीचशी बोंब तिथूनच सुरू होते.

हिवाळ्यात निफाडचा पारा वारंवार राज्यात सर्वांत खाली जातो. निरभ्र, निवांत रात्री गार, जड हवा सखल भागात साचते, हे त्याचं एक कारण. बागेच्या खालच्या बाजूला दाट कुंपण किंवा बांध असेल तर ही हवा तिथेच तुंबते; तिला निघायला वाट ठेवा.

प्रश्न : मुलाकडे कॅनडात कॅल्गरीला आलो आहोत. उणे तापमानात एक कोरडा वारा सुटला आणि दुपारपर्यंत बर्फ वितळला. डोंगरावरून येणारा वारा गरम कसा?

उत्तर : तो चिनूक, आल्प्समध्ये त्यालाच फॉन म्हणतात. हिशेब करून पाहा. रॉकीज पर्वतरांगेच्या पश्चिमेला हवा १० अंशांवर आहे आणि २५०० मीटर चढते. ढग होईपर्यंत, समजा पहिले ५०० मीटर, ती किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते : ५ अंश. पुढे वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून निवण्याचा दर ६ वर येतो : २००० मीटरनंतर उणे ७. पाऊस-बर्फ तिकडेच पडला. आता कोरडी हवा २५०० मीटर उतरताना पुन्हा किलोमीटरला १० अंशांनी तापते : १८ अंश. आठ अंशांचा नफा, आणि हवा कोरडी ठणठणीत. अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावी २२ जानेवारी १९४३ ला अशाच वाऱ्याने पारा दोन मिनिटांत उणे २० वरून ७ अंशांवर नेला होता.

सह्याद्रीतही हीच रचना आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेला खाली वाईला हजारही नाही. पण उतार जेमतेम सहा-सातशे मीटरचा आणि पावसाळ्यात आभाळ झाकलेलं, म्हणून चिनूकसारखा चटका बसत नाही.

प्रश्न : साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर चांगला वारा असताना काही पवनचक्क्या बंद का दिसतात?

उत्तर : माणसाला चांगला वाटणारा वारा पवनचक्कीला पुरतोच असं नाही. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते : वेग निम्मा झाला की ऊर्जा आठवा हिस्सा. सेकंदाला ३-४ मीटरच्या खाली पाती फिरवून उपयोग नसतो. २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किमीच्या पुढे यंत्र स्वतःच थांबतं, नाहीतर पाती आणि गिअर जातील. दुरुस्ती चालू असेल किंवा वाहिनीत वीज घ्यायला जागा नसेल तरीही चक्की थांबवतात. पात्यांकडे नीट पाहा. ती वाऱ्याला कडेने उभी, म्हणजे धार समोर करून, असतील तर चक्की मुद्दाम थांबवलेली किंवा जोरकस वाऱ्याची वाट पाहत असलेली. एकच चक्की थांबली आहे आणि शेजारच्या जोरात फिरताहेत, तर बहुतेक दुरुस्ती.