मेंटेनन्सचा चौकोन आधी भर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

परवा रबाळे स्टेशनात तू मोबाइलवर आठवड्याचं प्लॅनिंग दाखवलंस. सगळे जॉब, म्हणजे मशीनवर करायची कामं, ओळीने मांडलेले, आणि खाली बारीक अक्षरात ‘मेंटेनन्स – वेळ मिळाल्यास’. तेवढ्यात ठाण्याची गाडी आली, बोलणं राहिलं.

वेळ मिळत नसतो रे. मेंटेनन्स हाही एक जॉबच. चार्टवर त्याचा चौकोन आधी भर, बाकीचे त्याच्या अवतीभवती बसव.

लहान जॉब आधी घ्यायचा हे सिद्ध झालंय, असं तू म्हणालास. झालंय, कामांच्या क्रमाचा अभ्यास करणाऱ्या स्मिथने १९५६ मध्येच दाखवलं, की तसं केल्याने जॉबना सरासरी सगळ्यात कमी थांबावं लागतं. पण न थांबणाऱ्या मशीनसाठी! २, ३, ४, ५ तासांचे चार जॉब घे. आठ तासांनंतर एक तास मेंटेनन्स, आणि चढवलेला जॉब अर्ध्यात उतरवायचा नाही. लहान आधी घेतलेस तर २ आणि ३ झाल्यावर चारचा मावत नाही. मशीन तीन तास रिकामं, शेवटचा जॉब अठराव्या तासाला. तेच ३ आणि ५ आधी लाव. आठ तास काठोकाठ भरतात, पंधराव्या तासाला सगळं मोकळं. पण चौकोन आधी आखला असेल तरच हे सुचतं.

माझ्याकडून काय झालं ते सांगतो. व्हीएमसीच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या उभ्या मशीनच्या, स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या दांड्याचा) आवाज बदललाय, असं ऑपरेटर सांगत होता. शेवटी त्याने माझा हात धरून हेडवर ठेवला. बारीक थरथर तळव्याला लागली. तरी पार्टीचं डिस्पॅच म्हणून मी मेंटेनन्सचे तीन शुक्रवार ढकलले. चौथ्या आठवड्यात रात्रपाळीला बेअरिंग जाम. अकरा दिवस मशीन बंद. त्या ऑपरेटरच्या डोळ्याला डोळा द्यायला मला कितीतरी दिवस लागले.

त्यानंतर बोर्डावरचा तो चौकोन मी कुणालाही पुसू दिला नाही, मालकालाही नाही. आडमुठा म्हणाले. दोन अर्जंट ऑर्डरी हातच्या गेल्या, त्याचा ठपका माझ्यावर आला. आजही मी तेच करीन. चौकोन आधी, हे तुला किती वेळा सांगू?

सोमवारचा चार्ट नव्याने मांडून पाठव. त्याआधी खाली शॉपवर जा आणि मशीनचा आवाज कसा येतोय, ते ऑपरेटरला विचार.

तुझा,
काका