दारी येणारे दोन तरुण

प्रश्न : ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या माझ्या मुलीकडे नावाची काळी पट्टी लावलेले दोन अमेरिकन तरुण धर्मप्रचारासाठी येतात, पण चहा घेत नाहीत. असे का?
– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : ते मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या ख्रिस्ती पंथाचे प्रचारक असावेत. तरुण साधारण दोन वर्षे आणि तरुणी दीड वर्ष ही सेवा बिनपगारी करतात. सकाळी लवकर उठून व्यायाम, प्रार्थना व धर्मग्रंथांचे अध्ययन आटोपल्यावर दिवसभर लोकांच्या भेटी घ्यायच्या आणि त्यातही जोडीदाराला सोडून एकट्याने हिंडायचे नाही, असा त्यांचा कडक शिरस्ता असतो. धुणे-बाजारासाठी आठवड्यातून एक दिवस मिळतो. घरच्यांशी दर आठवड्याला फोनवर बोलण्याची मुभा मात्र २०१९ पासूनची. चहा-कॉफी त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे, तेव्हा आपल्याकडे चहा नाकारणाऱ्या पाहुण्याचा राग येतो तसा मुलीने मानू नये. कोकम सरबत खुशाल द्यावे.