बायबलमधून व्यक्तिमत्त्व विकासाची तत्त्वं कशी शोधायची?

तुम्ही विचारलंय की मी ख्रिश्चन नाही, पण बायबलमध्ये स्वतःला घडवण्यासारखं बरंच काही आहे असं ऐकलंय, तर ते शोधायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची. मी ख्रिस्ती घरातच वाढलोय, आईचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, अजून माझ्याकडे आहे, कडा पिवळ्या पडल्यात आणि पानोपानी तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, तर जे मला उपयोगी पडलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे सुटी वचनं गोळा करत बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या फोटोवर यिर्मया 29:11 (बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाचा 29 वा अध्याय, 11 वं वचन) सारखं फिरत असतं, की देवाच्या मनात तुमच्यासाठी हिताच्या योजना आहेत, आणि वाचणाऱ्याला वाटतं आता आपलं काम लगेच होणार. पण त्याच्या आधीचंच वचन वाचा, तिथे 70 वर्षं म्हटलंय. हे वचन एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे, आणि त्यात त्यांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं बघा. मला तर हे त्या फोटोवरच्या वचनापेक्षा जास्त धीर देतं. म्हणून वचन नाही, अख्खी गोष्ट वाचायची, आणि तो माणूस काय काय करतो तिकडे लक्ष ठेवायचं.

निर्गम या पुस्तकाचा 18 वा अध्याय घ्या. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसलेला असतो, आणि त्याचे सासरे इथ्रो भेटायला येतात ते हे सगळं बघून म्हणतात, हे काही बरं नाही, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग सांगतात की हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर विश्वासू माणसं नेम, लहान भांडणं त्यांना मिटवू दे, अवघड तेवढी तुझ्याकडे येऊ दे. मी एका छोट्या कंपनीत डिस्पॅच बघतो, प्रत्येक चलन स्वतःच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय गाडी सोडायचो नाही, रात्रीचे नऊ वाजायचे आणि ड्रायव्हर लोक गेटवर ताटकळत बसायचे. मला वाटायचं मी फार मेहनत करतोय. ‘हे लोकही थकतील’ हे वाचलं तेव्हा डोळ्यासमोर ते ड्रायव्हर आले. दुसऱ्याच दिवशी रोजची ठरलेली चलनं दोन पोरांकडे सोपवली. आणि एक सांगतो, इथ्रो इस्राएली नव्हते, मिद्यान नावाच्या दुसऱ्या प्रदेशातले याजक (पुरोहित) होते, तरी मोशेने त्यांचं ऐकलं, त्यामुळे मी बाहेरचा आहे वगैरे संकोच तुम्ही मनात ठेवूच नका.

पण एकच पुस्तक वाचायचं असेल तर नहेम्या वाचा, 13 च अध्याय आहेत. हा नहेम्या पारसच्या (पर्शियाच्या) राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला द्राक्षारसाचा प्याला देणारा, शूशनच्या राजवाड्यात चांगली नोकरी, आणि कळतं की तिकडे यरुशलेमची, त्याच्या पूर्वजांच्या शहराची, भिंत पडलेली आहे. तो रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो, पण राजापुढे विषय निघायला जवळजवळ चार महिने जातात, आणि राजा विचारतो तेव्हा याच्याकडे सगळं तयार असतं, किती दिवस लागतील, कुठल्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, लाकूड कुठून मिळणार. यरुशलेमला पोचल्यावर तीन दिवस गप्प राहतो, मग रात्री मोजकी माणसं घेऊन भिंत बघून येतो, आणि मगच लोकांना म्हणतो चला बांधू. काम चालू असताना विरोधक चार वेळा निरोप पाठवतात, या, भेटू, आणि चारही वेळा हा तेच उत्तर देतो, मी मोठं काम करतोय, मला खाली येता येत नाही. भिंत 52 दिवसांत पुरी होते. मला कोणी नको तिथे ओढायला लागलं की ते उत्तर मी आजही मनात म्हणतो.

रोज थोडं वाचायचं असेल तर नीतिसूत्रे, 31 अध्याय आहेत, आज जी तारीख तो अध्याय, आई असंच वाचायची. खूप खचल्यासारखं वाटत असेल तर 1 राजे 19, तिथे मरण मागणाऱ्या एलीया या संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही, आधी भाकर आणि पाणी देतो आणि झोपू देतो, हे मला फार जवळचं वाटतं.

नहेम्याचा 3 रा अध्याय नुसती नावांची यादी वाटेल, पण तो गाळू नका. कोणी भिंतीचा कुठला तुकडा बांधला ते त्यात लिहिलंय, बरेच जण आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधतायत, तकोवा गावच्या बड्या लोकांनी मात्र कामाला मान वाकवली नाही हेही लिहून ठेवलंय, आणि 12 व्या वचनात शल्लूम नावाचा एक अधिकारी आहे, त्याच्याबरोबर त्याच्या मुलीही भिंत बांधतायत. आईने पेन्सिलीने खूण केलीय ती त्या मुलींखाली.