मुरुडशेंग आणि तीन महिन्यांची नात

प्रश्न : रामटेककडील आमच्या शेताच्या धुऱ्यावर मुरुडशेंगेची झुडपे आहेत. माझ्या दोन्ही मुलांना मी तीच शेंग सहाणेवर उगाळून गुटीतून दिली. आता नात तीन महिन्यांची आहे आणि रात्री पोट दुखल्यासारखी रडते. परंतु डॉक्टरांनी गुटी देऊ नका असे सुनेला बजावले आहे. या शेंगेत गुण आहे की नाही? तसेच तिच्या मुळाचा रस मधुमेहावर चालतो काय?
— एक आजी, नागपूर

उत्तर : डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे, हे आधीच सांगतो, मात्र त्यामुळे आपली शेंग खोटी ठरत नाही.

इतवारीत काष्ठौषधींच्या दुकानात ‘मरोडफली’ म्हणून मिळते ती हीच शेंग. पावसाळ्यात या झुडपाला विटकरी-लाल फुले येतात, ती जुनी होताना निळसर राखी पडतात आणि त्यांतील मधासाठी शिंजीर पक्षी येतात. पुढे दोरीला पीळ द्यावा तशी पाच पदरांची शेंग धरते व वाळल्यावर काळपट होते. पोटातल्या मुरड्यावर पिळाची शेंग, हा उपाय कोणाला तरी आकार पाहूनच सुचला असावा, असे मला वाटते. तरीही निव्वळ आकारावर तो टिकला नसता, कारण शेंगेत तुरट द्रव्ये आहेत आणि आव, जुलाब, पोटफुगी यांवर ती आपल्याकडेच नव्हे, तर इंडोनेशियातील पारंपरिक औषधांतही वापरली जाते.

अडचण आहे ती वयाची आणि सहाणेची. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाण, उगाळायचे पाणी आणि वर्षभर डब्यात पडून असलेली शेंग यांतून जंतू पोटात गेले, तर ज्या जुलाबांवर गुटी द्यायची तेच जुलाब तिच्यामुळे लागतात. शिवाय गुटीत शेंग एकटी नसते. बहुतेक घरांत तिच्यासोबत वेखंडही उगाळतात, आणि त्यातील बीटा-असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. आपली मुले सुखरूप वाढली, हे खरेच. पण सहाणेवर किती वळसे उगाळले म्हणजे किती मात्रा झाली, हे प्रत्येक घरात निराळे असते.

इतक्या लहान बाळांचे रात्रीचे रडणे पुष्कळदा तीन-चार महिन्यांनंतर आपोआप कमी होते. दूध पाजल्यावर नातीला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा दूध न ओढणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

मुळाच्या रसाने साखर उतरल्याचे प्रयोगशाळेतील उंदरांत दिसले आहे. परंतु त्यावरून माणसाची मात्रा ठरत नाही. चालू गोळ्यांवर हा रस घेतल्यास साखर एकदम खाली जाण्याचा धोका राहतो, म्हणून डॉक्टरांना न विचारता तो घेऊ नये. शिवाय मूळ खणले की झुडूपही गेले.