व्यवसाय 'समाजकार्य', मग घर कशावर चालते?

आमच्या आमदारांच्या शपथपत्रात व्यवसायापुढे 'समाजकार्य' एवढेच लिहिलेले आहे. खरा कामधंदा कुठे कळेल? (वाचक, डिचोली)

उमेदवारी अर्जासोबत जोडायच्या त्याच शपथपत्रात, जरा खाली. त्याला 'नमुना २६' म्हणतात आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. व्यवसायाचा रकाना ९ वा. तिथे समाजकार्य, शेती, व्यवसाय असले मोघम शब्द चालून जातात. तुम्ही त्याला लागून असलेला '९अ' पाहा. त्यात स्वतःच्या आणि पती किंवा पत्नीच्या उत्पन्नाचे स्रोत द्यावे लागतात, म्हणजे भाडे, भागीदारीतला नफा, व्याज, मानधन वगैरे. '९ब' मध्ये सरकारी कंत्राटे येतात. मग वर ४ थ्या रकान्याकडे या. तिथे मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रांत दाखवलेले उत्पन्न असते. समाजकार्य करणाऱ्याचे उत्पन्न वर्षाला चाळीस लाख दिसले, तर ते कुठून आले याचे उत्तर ९अ ने द्यायला हवे. तिथेही 'समाजकार्य' असेल, तर प्रश्न मतदाराने प्रचारसभेतच विचारावा.

विधानसभेच्या सदस्य-परिचयावर फार विसंबू नका. तो मजकूर बहुधा सदस्यानेच दिलेला असतो आणि त्याला शपथेचे बंधन नसते.

शपथपत्रांत नवरा-बायकोची मिळकत बरोबर निम्मी-निम्मी कशी? ही लपवाछपवी का? (वाचक, फोंडा)

नव्हे, हा गोव्याचा कायदा. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, जोडप्याची मालमत्ता सामाईक होते. आयकर कायद्यानेही (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ) हेच धरले आहे: पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांत समान वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे. आमदारांचे मानधन आयकराच्या हिशेबात पगार मानले जात नाही, ते 'इतर स्रोतां'त जाते, त्यामुळे तेही या वाटणीत येऊ शकते. म्हणून पत्नीचे उत्पन्न बारा लाख दिसले की तिचा स्वतंत्र धंदा आहे असे लगेच समजू नये. तसेच, एकट्या आमदाराचा रकाना वाचून 'फक्त एवढेच?' म्हणणेही चूक. दोन्ही रकान्यांची बेरीज करा, मगच दुसऱ्या राज्यातल्या आमदाराशी तुलना करा.

२०२२ मध्ये तर याची आयती उजळणी झाली. वाळपई आणि पर्ये, पणजी आणि ताळगाव, कळंगुट आणि शिवोली अशा मतदारसंघांच्या तीन जोड्यांतून तीन पती आणि तीन पत्नी निवडून आल्या. त्या सभागृहात निवडून आलेल्या महिला तीनच, आणि तिघींचे पती त्याच सभागृहात! अशा वेळी दोन्ही शपथपत्रे शेजारी ठेवावीत. एकाच्या 'स्वतः' रकान्यातला आकडा दुसऱ्याच्या 'पती/पत्नी' रकान्यात जुळला पाहिजे. दोन-चार दिवसांच्या अंतराने बँकेतली शिल्लक बदलेल, सर्वे क्रमांक बदलणार नाहीत.

जमिनीच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. इन्व्हेंटरी (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालेली नसेल तर एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या मालकी-कब्जाच्या, उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते. उमेदवार 'अविभक्त हिस्सा' लिहितो आणि किंमत अंदाजे टाकतो. बाजारभाव हा त्याचा स्वतःचाच अंदाज असतो. म्हणून दोन निवडणुकांमधली 'एकूण मालमत्ता' ताडून पाहणे फसवे. सर्वे क्रमांक आणि चौरस मीटर ताडा. तीच जमीन महाग झाली की नवी घेतली, ते तिथे दिसते.

आमदार मुळात कुठून येतात? डॉक्टर-वकील की पंचायतीतून? (वाचिका, काणकोण)

मुख्यमंत्र्यांची यादी पाहिली तर शिक्षणाचा थाट दिसतो. भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक, विल्फ्रेड डिसोझा शल्यचिकित्सक, मनोहर पर्रीकर आयआयटी मुंबईचे धातुशास्त्र अभियंते, लक्ष्मीकांत पार्सेकर शिक्षक, प्रमोद सावंत आयुर्वेदाचे डॉक्टर. पण या यादीवरून सगळ्या ४० आमदारांचा अंदाज बांधू नये.

आपले मतदारसंघ लहान, २०२२ च्या निवडणुकीत सरासरी २९ हजारांच्या आसपास मतदारांचे. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, म्हणजे एका मतदारसंघाच्या वाट्याला साधारण चार-पाच. दोन-तीनशे मतांनी निकाल फिरू शकतो. अशा ठिकाणी पदवीपेक्षा कोणाच्या घराचा नंबर अडला आहे, कोणाची नळजोडणी राहिली आहे, हे ठाऊक असणे जास्त उपयोगाचे, आणि ते पंच, नगरसेवक, जिल्हा पंचायत सदस्य यांना ठाऊक असते. म्हणून पंच ते सरपंच, तिथून जिल्हा पंचायत आणि मग विधानसभा ही वाट इथे चांगलीच मळलेली. दुसरी वाट घराण्याची, ती वर आलीच.

शपथपत्रात शिक्षण खोटे लिहिले तर? (वाचक, म्हापसा)

शिक्षण १० व्या रकान्यात. परीक्षेचे पूर्ण नाव, संस्था आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष तिन्ही हवीत. नुसते 'पदवीधर' पुरत नाही. अर्धवट सोडलेली पदवी मोजायची नाही, शेवटची पूर्ण केलेली परीक्षा लिहायची. रकाना कोरा ठेवून चालत नाही, लागू नसेल तर 'लागू नाही' असे लिहावे लागते. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार स्मरण देऊनही कोरा ठेवला, तर अर्ज फेटाळता येतो.

जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावी लागते. निवडणूकच रद्द करून हवी असेल तर वाट वेगळी: मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे, पर्वरीला, निवडणूक याचिका. ती त्या मतदारसंघातला मतदार किंवा उमेदवारच करू शकतो आणि मुदत विजयी उमेदवार घोषित झाल्यापासून ४५ दिवसांची. पुष्कळ लोक सहा महिन्यांनी कागद घेऊन वकिलाकडे जातात आणि तिथेच अडतात.