अमेरिकेत बॅचलर्सला जोडूनच जलसंपदा अभियांत्रिकीत एमएस करावं का?

तुम्ही सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहात, विभागाने पाच वर्षांत दोन्ही पदव्या देणारा ४+१ सुचवलाय, आणि विषय पाण्याचाच हवाय. माझं मत विचाराल तर कोणते विषय दोन्ही पदव्यांत धरले जाणार हे लेखी हातात येईपर्यंत हो म्हणू नका.

गणित साधं आहे. एमएस साधारण ३० क्रेडिट्सचं असतं. समजा त्यातले ९, म्हणजे तीन विषय, तुम्ही चौथ्या वर्षातच उरकले आणि ते दोन्हीकडे धरले गेले, की मागे राहतात २१. एका सेमिस्टरला १२, पुढच्याला ९, संपलं. तेच एमएस वेगळं केलंत आणि दर सेमिस्टरला ९ घेतले, तर चौथं सेमिस्टर लागतं. वाचते ती फी आणि वर्षभराचा वेळ, आणि ते काही थोडं नाही.

पण ते तीन विषय वेळापत्रकात बसतात म्हणून उचलू नका. ओपन चॅनेल हायड्रॉलिक्स (नदी-कालव्यांसारख्या उघड्या प्रवाहांचं गणित) आणि हायड्रॉलॉजी (पाऊस आणि त्यातून वाहून येणारं पाणी) त्यात असतील तर उत्तम, पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. फ्लुइड मेकॅनिक्स जेमतेम काढलं असेल तर मात्र एमएसच्या पातळीचं ओपन चॅनेल चौथ्या वर्षी घाम फोडतं.

मी पूररेषेच्या कामात आहे, नव्या मुलांची मॉडेल्स माझ्याकडे तपासायला येतात. वाहत्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. खोली आणि उतार तेच ठेवून 'एन', म्हणजे पात्राचा खडबडीतपणा दाखवणारा आकडा, ०.०३५ वरून ०.०७० केला की वेग थेट निम्मा, हेही कळतं. पण नदीकाठच्या झुडपांना नेमका कुठला 'एन' द्यायचा? पाणी कुणाच्या जोत्यापर्यंत येणार हे त्यावर ठरतं, आणि पुराची पातळी काढणारं हेक-रास तुम्ही द्याल तो आकडा मुकाट्याने घेतं. अमेरिकी लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चालवायला फार दिवस लागत नाहीत. त्याने दिलेली पातळी पटण्यासारखी नाही हे ओळखायला लागतात. मोजलेल्या पुराशी मॉडेल ताडून बघायचं, जुळत नाही म्हणून परत मागे जायचं, हे थीसिसमध्ये होतं. घाईच्या पाच वर्षांत पहिला बळी जातो तो नेमका थीसिसचा, कारण नदीला तुमचं सेमिस्टर कधी संपतं याच्याशी देणंघेणं नसतं. पीएचडीचा विचार मनात असेल तर थीसिस सोडू नका, मग सहा महिने जास्त गेले तरी चालतील. थेट कन्सल्टिंगला जायचं असेल तर नुसत्या कोर्सवर्कचं एमएसही पुरतं.

एक खाच सहसा कुणी सांगत नाही. सामायिक विषयात 'सी' आला तर बॅचलर्स सुटतं, पण एमएसला तो विषय बहुधा धरत नाहीत. म्हणजे वाचवलेले पैसे तिथेच गेले.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर पहिली पदवी चौथ्या वर्षाच्या शेवटी वेगळी मिळते की दोन्ही एकदमच, हे आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारून घ्या. ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी, पदवीच्या प्रत्येक वरच्या पातळीला १२ महिने मिळते, त्यामुळे तारखांनी फरक पडतो. विद्यापीठात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल पैसे देणाऱ्या असिस्टंटशिपचंही तसंच: कागदोपत्री बॅचलर्सचे विद्यार्थी असेपर्यंत ती मिळणं अवघड, तेव्हा चौथ्या वर्षाचा खर्च ती धरून मांडू नका.

आणि एफईची, म्हणजे इंजिनिअरच्या परवान्याच्या वाटेवरची पहिली, परीक्षा चौथ्या वर्षातच देऊन टाका. ११० प्रश्न असतात, स्टॅटिक्सपासून सगळं विचारतात, आणि एमएसच्या वर्षात ते कुणी पुन्हा उघडत नाही.